होडी कोणाची?

(किनाऱ्यावरील कार्यकर्त्यांच्या अभ्यासवर्गात केलेल्या भाषणाचा मजकूर)



अर्थशास्त्राच्या निवृत्त प्राध्यापकाला बोलावले म्हणजे तो महागाईवर, अर्थसंकल्पावर किंवा रुपयाच्या घसरणीवर बोलेल, अशी आपली समजूत असणार. ती मोडल्याबद्दल आरंभीच क्षमा मागतो. आज मी एका जुन्या होडीवर बोलणार आहे. ही होडी फायबरची असून तिला बाहेरून लावायचे इंजिन आहे, आणि सिंधुदुर्ग जिल्ह्यातील एका गावी ती अजून पाण्यात आहे. तिच्या मालकीचा प्रश्न सोडवताना मी जे शिकलो, ते चाळीस वर्षे वर्गात उत्पादनसाधनांची मालकी शिकवूनही मला उमगले नव्हते.

हकिकत अशी. पन्नाशी उलटलेले एक खलाशी. उभी हयात दुसऱ्याच्या होडीवर गेलेली. माझ्या एका विद्यार्थ्याचे ते वडील, म्हणून माझी ओळख. 2016 साली त्यांनी आपल्या जुन्या नाखव्याकडून ही होडी इंजिनासह एक लाख साठ हजारांना घेतली. चाळीस हजार इसार दिला, उरलेली रक्कम तीन हंगामांत फेडायची ठरले. नाखवा वयस्कर, नात्यातला, शब्दाचा पक्का. व्यवहाराच्या दिवशी तो म्हणाला, "होडी आता तुझीच रे. कागदाचा मागसून बघूया." खलाशाने नारळ वाढवला, पेढे वाटले. 2019 च्या मे महिन्यात शेवटचा हप्ता गेला. कागद मात्र 'मागसून'च राहिला. 2020 साली नाखवा वारला. आणि 2021 च्या मे महिन्यात तौक्ते वादळाने ती होडी खडकावर नेऊन आपटली.

पंचनाम्याला माणसे आली. त्यांनी नोंदणीचे प्रमाणपत्र आणि मासेमारीचा परवाना मागितला. दोन्हींवर नाव मृत नाखव्याचे. ज्याची होडी फुटली त्याचे नाव सरकारदरबारी कुठेच नव्हते, आणि ज्याचे नाव होते तो वर्षापूर्वी जग सोडून गेला होता. तेवढ्यात नाखव्याचा थोरला मुलगा पुढे आला. त्याचे म्हणणे असे की, होडी बापाने विकलीच नव्हती. ती वाट्यावर चालवायला दिली होती, आणि हप्ते म्हणून जे पैसे आले ते होडीचा वाटा म्हणून आले.

आपल्यापैकी जे किनाऱ्यावरचे नाहीत, त्यांच्यासाठी येथे थोडे थांबतो. मासळी विकून जे पैसे येतात त्यांतून आधी डिझेल, बर्फ, शिधा यांचा खर्च वजा होतो. उरलेल्या रकमेचे वाटे पडतात. ठिकाणाठिकाणी प्रमाण निराळे, पण तत्त्व एकच. माणसाला वाटा, तसा होडीला वाटा, इंजिनाला वाटा, जाळ्याला वाटा. होडी आणि जाळे काही जेवत नाहीत. त्यांचा वाटा जातो त्यांच्या मालकाला, मग तो त्या दिवशी समुद्रावर गेलेला असो वा घरी झोपलेला असो. भांडवलावरचा परतावा म्हणजे काय हे विद्यार्थ्यांना समजावण्यासाठी मी गिरणीची उदाहरणे देत असे. याहून स्वच्छ उदाहरण मला सापडले नव्हते, हे कबूल केले पाहिजे. खलाशाने होडी घेणे म्हणजे वाटा घेणाऱ्यांच्या एका बाजूकडून दुसऱ्या बाजूला जाणे. नाखव्याच्या मुलाचे म्हणणे खरे ठरले असते, तर पाच वर्षे मालक म्हणून समुद्रावर गेलेला माणूस पूर्ववत खलाशी ठरला असता, आणि त्याचे एक लाख साठ हजार रुपये मालकाला दिलेला वाटा म्हणून जमा झाले असते.

आता आपण म्हणाल, प्रश्न फार तर नुकसानभरपाईचा होता. ती भरपाई किती होती तेही ऐका. आपत्ती निवारण निधीचे जे निकष केंद्र सरकारने 2015 साली ठरवले, त्यांत पूर्ण नष्ट झालेल्या होडीला 9,600 रुपये आणि अंशतः नुकसान झालेल्या होडीच्या दुरुस्तीला 4,100 रुपये होते. या रकमेत इंजिनाचे सुटे भागही धड येत नाहीत. पण आमच्या खलाशाला त्या रकमेची फिकीर नव्हतीच. भरपाईच्या यादीत नाखव्याच्या वारसांचे नाव चढले, तर उद्या तोच कागद होडीच्या मालकीचा पुरावा म्हणून उभा राहील, ही त्याची भीती होती. ती भीती शंभर टक्के रास्त होती.

कायदा याबाबत काय सांगतो? होडी ही जंगम वस्तू आहे. 1930 च्या मालविक्री कायद्याप्रमाणे विशिष्ट, ठरलेल्या जंगम वस्तूची मालकी, ती जेव्हा जावी असा दोन्ही पक्षांचा हेतू असेल, तेव्हा जाते. त्यासाठी घरजमिनीसारखे नोंदणीकृत खरेदीखत सक्तीचे नाही. म्हणजे तोंडी व्यवहार हा व्यवहारच नव्हे, असे जे कचेरीच्या खिडकीपलीकडून ऐकवले जाते, ते बरोबर नाही. परंतु त्याच कायद्याचे दुसरे तत्त्व असे की, जे विकणाऱ्याचे नाही ते तो दुसऱ्याला देऊ शकत नाही. होडी चोरीची असेल, किंवा विकणारा चार भावांपैकी एक असेल आणि उरलेल्या तिघांना पत्ता नसेल, तर घेणाऱ्याच्या प्रामाणिकपणाने ती सहसा त्याची होत नाही. विकण्याचा हक्क आपल्याला आहे, ही हमी विकणाऱ्याने न बोलताही दिलेली असते, असे कायदा मानतो. तेव्हा तो हक्क नव्हता असे निघाले, तर पैसे परत मागता येतात. फक्त तोवर विकणारा सापडला पाहिजे.

मालकी ही एक गोष्ट आणि नोंदणी ही दुसरी. सातबारावरचे नाव हा मालकीचा अंतिम पुरावा नव्हे, हे आपण शेतकऱ्यांच्या प्रश्नांवर काम करताना शिकलो. होडीच्या नोंदणीचेही तसेच. पण ज्याचे नाव सातबारावर नाही त्याला पीककर्ज कोण देतो? नोंदणीवर नाव नसलेल्या मच्छीमाराचेही तेच. 1981 च्या महाराष्ट्र सागरी मासेमारी नियमन कायद्याखाली परवाना नौकेला मिळतो, आणि तो मागायला नोंदणी लागते. 2021 च्या दुरुस्तीने या कायद्याखालील दंड अनेक पटींनी वाढले आहेत. डिझेलवरील कराचा परतावा नोंदणीकृत, परवानाधारक नौकेला मिळतो. बँक कर्ज देताना आणि विमा कंपनी विमा उतरवताना तोच कागद पाहते. 2025 च्या एप्रिलमध्ये राज्य मंत्रिमंडळाने मत्स्यव्यवसायाला कृषीचा दर्जा देण्याचा निर्णय घेतला. त्याचे जे काही लाभ व्हायचे ते होतील, पण ते कागद असणाऱ्याच्या पदरात पडतील. आमच्या खलाशाच्या बाबतीत डिझेलचा परतावा नाखव्याच्या खात्यात जमा होत राहिला होता, त्याच्या मृत्यूनंतरही. डिझेल जाळणारा एक आणि परतावा घेणारा दुसरा.

कागदाची ही सक्ती या किनाऱ्याला नवी नाही. सोळाव्या शतकात पोर्तुगीजांनी अरबी समुद्रात 'कार्ताझ' नावाचा परवाना काढला, आणि तो जवळ नसलेले गलबत पकडून जप्त करण्याचा अधिकार स्वतःकडे घेतला. पुढे आंग्र्यांनी आपली दस्तके चालवली. 1838 साली कंपनी सरकारने मुंबई इलाख्यातील किनारी गलबतांच्या नोंदणीचा कायदा केला. स्वतंत्र भारतात 1958 चा व्यापारी नौवहन कायदा आला, आणि 1983 च्या दुरुस्तीने त्यात मासेमारी नौकांसाठी वेगळे प्रकरण घातले गेले. आता त्या कायद्याची जागा घेण्यासाठी संसदेने 2025 साली नवा कायदा केला आहे. या साऱ्या परंपरेत राज्यकर्त्यांचा मुख्य प्रश्न एकच राहिला: समुद्रावर दिसणाऱ्या या नौकेबद्दल जाब कोणाला विचारायचा? 2008 च्या नोव्हेंबरमध्ये पोरबंदरच्या 'कुबेर' या मासेमारी नौकेचे अपहरण करून दहशतवादी मुंबईपर्यंत आले. त्यानंतर नोंदणी, नौकांना ठरावीक रंग, मच्छीमारांना ओळखपत्रे यांची मोहीम निघाली. ती अनाठायी होती असे मी म्हणणार नाही. समुद्रावर जाणाऱ्यांच्या जिवाचीही त्यात राखण आहे. पण जाब विचारण्यासाठी मांडलेली वही हक्क देण्यासाठीही तितक्याच तत्परतेने उघडावी लागते, आणि नेमके तेथे घोडे अडते.

आमचा खलाशी कार्यालयात गेला तेव्हा त्याला उत्तर मिळाले, "मूळ मालकाला घेऊन या." मूळ मालक स्मशानात. "मग वारसाचा दाखला आणा." थोरला मुलगा सही देईना. त्याच्या सहीवाचून नाव बदलेना, नाव बदलल्यावाचून परवान्याचे नूतनीकरण होईना, आणि परवान्यावाचून समुद्रावर गेल्यास दंड. त्या कारकुनाला दोष देण्यात अर्थ नाही. त्याच्यापुढच्या अर्जात तेवढेच रकाने होते.

मग आम्ही काय केले ते तपशिलाने सांगतो, कारण आपल्यापैकी अनेकांकडे असे लोक उद्या येतील.

पहिले काम होडी ओळखण्याचे. नाळेवर रंगवलेला नोंदणी क्रमांक, इंजिनावरचा क्रमांक, लांबीरुंदी हे सारे उतरवून घेतले आणि कार्यालयातील नोंदीशी ताडून पाहिले. जुन्या होड्यांचे इंजिन बदललेले असते आणि कागदावर जुनेच असते. ते आधी कळलेले बरे. दुसरे काम बोजा पाहण्याचे. होडी मच्छीमार सहकारी संस्थेमार्फत राष्ट्रीय सहकार विकास निगमाच्या किंवा बँकेच्या कर्जातून आलेली असेल, तर कर्ज फिटेपर्यंत ती तारण असते. घेणाऱ्याने पूर्ण किंमत मोजलेली असली तरी तारण सुटत नाही. संस्थेचा थकबाकी नसल्याचा दाखला आणि बँकेचे नाहरकत पत्र हे दोन कागद, शक्य तर, पहिला रुपया देण्याआधी हातात घ्यावेत. आमच्या प्रकरणात सुदैवाने बोजा नव्हता.

तिसरे आणि सर्वांत नाजूक काम वारसांचे. येथे एक गैरसमज वकीलमंडळींतही आढळला. 1925 च्या भारतीय उत्तराधिकार कायद्याखालचे प्रमाणपत्र मृताची येणी आणि रोखे यांपुरते असते. होडीला ते लागू पडत नाही. आपल्याकडे यासाठी 1827 चे मुंबई रेग्युलेशन आठवे अजून जिवंत आहे आणि त्याखाली दिवाणी न्यायालय वारस म्हणून मान्यतेचा दाखला देते. दोनशे वर्षांचे हे वृद्ध रेग्युलेशन गरिबांच्या उपयोगी पडताना पाहून मला मौज वाटली. नाखव्याचे वारस चार: विधवा, दोन मुलगे आणि लग्न होऊन मुंबईला गेलेली मुलगी. गावात सगळे बोलत होते ते दोन मुलग्यांबद्दल. 1956 च्या हिंदू उत्तराधिकार कायद्याप्रमाणे बापाच्या स्वकष्टार्जित मालमत्तेत मुलगी आणि विधवा मुलग्यांच्या बरोबरीच्या वारस आहेत, हे कोणाच्या ध्यानात नव्हते. आमच्या कार्यकर्त्यांच्याही नव्हते, हे येथे मोकळेपणाने सांगितले पाहिजे. दालदी किंवा ख्रिस्ती मच्छीमार कुटुंबात वारसांचे हिशेब त्यांच्या त्यांच्या कायद्याप्रमाणे निराळे पडतील, पण बाईची सही वगळून चालणार नाही, हे तेथेही खरेच.

चौथे काम पुराव्याचे. ज्याच्या ताब्यात वस्तू आहे तो मालक नाही, असे ज्याचे म्हणणे असेल त्याने ते सिद्ध केले पाहिजे, हे तत्त्व 1872 च्या पुरावा कायद्याच्या 110 व्या कलमात होते. 2023 च्या भारतीय साक्ष्य अधिनियमात तेच 113 वे कलम झाले आहे. गरीब माणसाच्या बाजूचे असे कलम क्वचित सापडते. तेव्हा ताबा दाखवणे महत्त्वाचे. संस्थेच्या डिझेल वहीत पाच वर्षे खलाशाच्या सह्या होत्या. इंजिन दुरुस्तीच्या पावत्या त्याच्या नावच्या होत्या. पावसाळ्यात होडी कोणाच्या आवारात शाकारलेली असे, हे शेजारच्या दोघांनी प्रतिज्ञापत्रावर सांगितले. पण ताब्याचा पुरावा थोरल्या मुलाच्या गोष्टीलाही जुळत होता. वाट्यावर चालवणाऱ्याच्या हातीही होडी असतेच. प्रश्न पैशाचा होता. ते पैसे किंमत म्हणून गेले की वाटा म्हणून?

येथे खलाशाच्या पत्नीने एक वही काढली. त्या बाजारात मासळी विकतात. शाळा चौथीपर्यंत. वहीत प्रत्येक हप्त्याची तारीख, रक्कम आणि तो कोठून उभा केला हे लिहिलेले होते. एक हप्ता सुक्या मासळीचा, एक त्यांच्या पाटल्या गहाण टाकून. प्रत्येक नोंदीपुढे बाकी किती राहिली तेही लिहिले होते, आणि शेवटच्या ओळीत बाकी शून्य. वाटा कधी शून्यापर्यंत उतरत जात नाही. तो होडी चालते तोवर द्यावाच लागतो. माझ्या साऱ्या अर्थशास्त्रापेक्षा त्या शून्याचा युक्तिवाद बळकट होता.

न्यायालयात जाऊन 1963 च्या विशिष्ट अनुतोष कायद्याच्या 34 व्या कलमाखाली मालकीची घोषणा मागता आली असती, आणि मूळ मालक अजिबात सापडत नसेल तेव्हा बहुधा तोच मार्ग उरतो. पण दाव्याला वर्षे लागतात आणि तोवर होडी किनाऱ्यावर सडते. म्हणून आम्ही तालुका विधी सेवा समितीकडे अर्ज केला. 1987 च्या कायद्याने स्त्रियांना, अनुसूचित जातिजमातींना, अल्प उत्पन्नाच्या लोकांना, तसेच मोठ्या आपत्तीत सापडलेल्यांना तेथे मोफत साहाय्य मिळण्याचा हक्क आहे. दावा दाखल होण्यापूर्वीही प्रकरण लोकअदालतीपुढे ठेवता येते, आणि तेथील निवाड्याला दिवाणी न्यायालयाच्या हुकूमनाम्याचे बळ असते. दुसरी बाजू बोलवावी मात्र लागते.

ती बाजू आली. नाखव्याची मुलगी रात्रभर प्रवास करून मुंबईहून आली होती. तिने वही मागून घेतली, शेवटपर्यंत वाचली आणि आईकडे पाहून एवढेच विचारले, "पैसे बाबांना पोचले होते ना?" आई म्हणाली, "पोचले." तिने प्रथम सही केली. धाकट्याने केली. थोरल्याने दुसऱ्या तारखेला केली. त्यालाही मी खलनायक म्हणणार नाही. त्याच्यावर स्वतःच्या होडीचे कर्ज होते. शिवाय नोंदणी बापाच्याच नावावर राहिली असती, तर त्या होडीच्या हातून झालेल्या प्रत्येक कसुरीची नोटीस त्याच घरी आली असती, हे त्याला समजावल्यावर तो नरमला. कागद अपुरा ठेवण्यात विकणाऱ्याचाही धोका असतो, हा मुद्दा आपण फार कमी वेळा मांडतो.

वादळापासून नोंदणीवर नाव चढेपर्यंत दोन वर्षे गेली. आम्ही विक्रीचा लेख मुद्रांकावर करून दुय्यम निबंधकाकडे नोंदवलाही. जंगम वस्तूच्या बाबतीत 1908 च्या नोंदणी कायद्याने ते ऐच्छिक आहे, पण तारीख आणि ओळख यांबद्दल पुढे वाद राहत नाही. लेखात खरेदीदार म्हणून पतिपत्नी दोघांची नावे घातली. खलाशी आधी बिचकला. पाटल्यांची नोंद त्याला दाखवली, मग काही बोलला नाही.

एका प्रकरणात एवढे लोक, एवढे दिवस. प्रत्येक होडीमागे असा निवृत्त प्राध्यापक आणि असा वकील कोठून आणणार? म्हणून मागणी धोरणाची केली पाहिजे. जमीन महसूल संहितेत फेरफाराची पद्धत आहे. खबर आली की तलाठी नोंद धरतो, नोटीस चावडीवर लागते, हरकती मागवल्या जातात, तक्रार असेल तर वेगळ्या नोंदवहीत जाते आणि अधिकारी निर्णय देतो. होडीलाही असाच फेरफार हवा. नोटीस बंदरावर आणि मच्छीमार संस्थेच्या कार्यालयात लागावी, ठरावीक मुदतीत हरकत आली नाही तर ताबेदाराच्या नावे तात्पुरती नोंद आणि परवाना मिळावा, हरकत आली तर सुनावणी व्हावी. यात चोरीची होडी मुरण्याचा धोका आहे, असे अधिकारी म्हणतील. उलट मी म्हणेन, आज ती बिनबोभाट मुरते. बंदरावर लागलेली नोटीस चोराला परवडणार नाही. अंतर्गत जलमार्गांसाठीच्या 2021 च्या कायद्याने बिगरयांत्रिक होड्यांची नोंद स्थानिक स्वराज्य संस्थांच्या पातळीवर करण्याची कल्पना मान्य केलीच आहे. खाडीतल्या होडीची नोंद गावात होऊ शकते, तर समुद्रावरच्या लहान होडीच्या फेरफाराची सुनावणी गावात घेण्यास कोणते तत्त्व आड येते?

1 जून ते 31 जुलै ही मासेमारी बंदी असते. होड्या वर ओढलेल्या, माणसे घरी. त्या दोन महिन्यांत प्रत्येक बंदरावर फिरून, ज्या होडीचे नोंदणीतले नाव एक आणि चालवणारा दुसरा आहे, अशा होड्यांची यादी आपण करावी. यादीत मूळ मालक हयात आहे की नाही, बोजा आहे का, वारस किती, एवढे लिहिले तरी पुरे. हयात असलेल्यांची प्रकरणे आधी घ्या. तेथे एका दिवसाचे काम असते. यादी घेऊन आपण जिल्ह्याच्या मत्स्यव्यवसाय कार्यालयात जाऊ. आणि घराघरांत ज्या वह्या, चिठ्ठ्या, पावत्या पत्र्याच्या डब्यांतून पडल्या आहेत, त्यांच्या प्रती पहिल्या पावसाच्या आत काढून ठेवा.